तारेवरची कसरत

आमच्या कॉलेजमध्ये हा शब्दप्रयोग दिवसातून तीनदा तरी कानावर पडतो. जर्नल, सबमिशन, ओरल आणि वर गॅदरिंगची प्रॅक्टिस, म्हणजे तारेवरची कसरत. मेसचे काका सिलिंडर आणि थकलेली मेसबिलं यांचा मेळ घालताना हेच म्हणतात. एक सर तर सिलॅबस संपवण्याबद्दलही हेच म्हणतात (आणि शेवटचं युनिट दरवर्षी तोल जाऊन खाली पडतं, पण ते असो!).

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे म्हणी आणि वाक्प्रचार माझ्या वाट्याला आले ते पुस्तकातून नाही, आजीच्या तोंडून. आजी गच्चीत टाचा उंचावून ओल्या साड्या तारेवर टाकताना म्हणायची, "काय ही तारेवरची कसरत!" बरीच वर्षं मला वाटायचं, की तारेवर कपडे वाळत घालणं म्हणजेच ती कसरत. खरी कसरत मी वयाच्या विसाव्या वर्षी पाहिली, तीही मशीन डिझाइनचं लेक्चर बुडवून.

मंगळवारी आपल्या गेटसमोरच्या रस्त्यावर बाजार भरतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी भाजीवाल्यांच्या पलीकडे, टपरीच्या बाजूला गर्दी जमली होती. डोंबाऱ्याचा खेळ होता. दोन्हीकडे बांबूंची कैची, त्यावरून ताणलेला दोर, दोराची दोन्ही टोकं जमिनीत ठोकलेल्या खुंटांना बांधलेली. आई ढोलकी वाजवत होती आणि दोरावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, हातात बांबूची लांब काठी, डोक्यावर एकावर एक तीन लोटे. ती आली, गेली. मग एका पायाखाली सायकलची रिंग घेऊन आली, गेली. मग गुडघ्याखाली ताट ठेवून, गुडघ्यांवर. खाली जमीन म्हणजे डांबर. गादी नाही, जाळी नाही. बाप दोराखालून तिच्या बरोबरीने चालत होता आणि त्याची नजर एकदाही तिच्यावरून हलली नाही.

माझ्याबरोबर माझी रूममेट होती. ती लगेच म्हणाली, "त्यात काय, काठीमुळे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली येतो. म्हणून पडत नाही." मी म्हटलं, काठी तर तिने पोटाजवळ धरली आहे आणि सरळ धरली आहे, मग खाली कशी येईल? वाद सुरू झाला. हा लेख त्या वादातून निघाला आहे. त्यासाठी मी आठ दिवस वहीची मागची पानं भरवली आणि लायब्ररीतल्या पुस्तकांवर धूळ होती ती झटकली.

तर आधी काठीबद्दल. दोरावर उभा असलेला माणूस म्हणजे आपल्या अभ्यासातला उलटा लंबक. नेहमीचा लंबक ढकलला तर परत मध्ये येतो. उलटा लंबक जरा कलला की आणखी कलतो, आणखी कलला की त्याहून जोरात कलतो. हातावर झाडू उभा धरून बघा, लगेच कळेल. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी दोराच्या खाली आला तर हा उलटा लंबक सुलटा होईल आणि मग कोणीही चालेल. पण त्यासाठी काठीची टोकं पायांच्याही बरीच खाली लोंबायला हवीत आणि त्यांना चांगलं वजन हवं. लांब काठ्या टोकांशी थोड्या वाकतात, तेवढा फायदा होतो, पण गुरुत्वमध्य दोराखाली काही जात नाही. म्हणजे रूममेटचं उत्तर अगदीच चूक नाही, पण मुख्य कारण ते नाही.

मुख्य कारण आहे मोमेंट ऑफ इनर्शिया. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये आपण ती घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. वजन आसापासून जितकं लांब, तितकी ती वस्तू फिरवायला जड. आकडे घालून बघितलं तर गंमत येते. समजा ६० किलोचा, १.७ मीटर उंचीचा माणूस आहे. त्याला एक सरळ दांडा मानलं तर दोराभोवती त्याची मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे ५८ येते (किलो गुणिले मीटर वर्ग). आता त्याच्या हातात ८ मीटर लांब आणि २५ किलो वजनाची काठी द्या. नुसत्या काठीची, तिच्या स्वतःच्या मध्याभोवती, १३३! म्हणजे माणसाच्या दुपटीहून जास्त. सगळं एकत्र धरून मी पडण्याचा वेग काढला. काठीशिवाय तोल जाण्याची क्रिया ज्या गतीने वाढते, त्यापेक्षा काठीबरोबर ती दीडपटीहून जास्त सावकाश वाढते. काठी तोल सांभाळत नाही. ती फक्त वेळ देते. सांभाळायचं काम माणसालाच करावं लागतं.

काठीचा दुसरा उपयोग मला आधी उलटा वाटत होता. आपण उजवीकडे कललो तर काठी कुठे फिरवायची? मी म्हटलं डावीकडे, अर्थातच. चूक! काठीचं उजवं टोक खाली जाईल अशी ती फिरवायची, म्हणजे ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला. काठीला उजवीकडे फिरवण्यासाठी शरीर तिला जो धक्का देतं, त्याच्याच उलटा धक्का काठी शरीराला देते आणि शरीर डावीकडे, म्हणजे सरळ होतं. न्यूटनचा तिसरा नियम. गटाराच्या कठड्यावरून चालताना तोल गेला की आपण हात कसे गरागरा फिरवतो, तेच. मी त्या मुलीकडे नीट पाहिलं, तर ती अगदी तेच करत होती. तिला तिसरा नियम कोणी शिकवलेला नाही.

मग मी त्या मुलीचे आकडे घातले. नजरेच्या अंदाजाने वजन २५ किलो, उंची सव्वा मीटर, काठी ४ मीटर लांब आणि ३ किलो वजनाची. उत्तर आलं ते मी दोनदा तपासलं. एवढ्या हलक्या काठीने तिला मिळणारा जादा वेळ फक्त एक अष्टमांशाच्या आसपास. आणि मुळात उंची कमी असली की उलटा लंबक लवकर पडतो (म्हणून हातावर झाडू धरता येतो, पेन्सिल धरता येत नाही). मोठ्या माणसाला काठीशिवाय जेवढा वेळ मिळतो, त्याहूनही थोडा कमी वेळ या पोरीला काठीसकट मिळतो. सेकंदाच्या एक तृतीयांशात तिचा तोल जवळपास तिप्पट बिघडू शकतो. डोळ्यांना काही दिसून हात हलेपर्यंत आपल्याला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. आता करा हिशेब. म्हणजे काठीचं श्रेय थोडंच, बाकीचं त्या पोरीचंच.

मग ती करते कसं? इथे मेकॅनिकलच्या पुस्तकांचा उपयोग संपला आणि मी बायोलॉजीकडे वळले, जी मी बारावीत आनंदाने सोडली होती.

तोल आपल्याला तीन ठिकाणांहून कळतो. पहिले डोळे. दुसरे कान, म्हणजे ऐकण्याचे नव्हे तर आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, ज्यांत पातळ द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळल्याची खबर मिळते. तिथेच दोन छोट्या पिशव्या असतात, त्या डोकं कुठल्या बाजूला कललंय ते सांगतात. तिसरी बातमी तळपाय, घोटे आणि स्नायूंकडून येते. घोटा जरा ताणला गेला की मेंदूला विचारायच्या आधीच पाठीच्या कण्यातून परत हुकूम येतो. हा रस्ता डोळ्यांच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जवळचा, त्यामुळे फार जलद. कसरतपटूचं शरीर जास्तीत जास्त काम या जवळच्या रस्त्याने करायला शिकतं.

प्रयोग करून बघायचा असेल तर आत्ता करा. एका पायावर उभे राहा. सोपं आहे ना? आता डोळे मिटा. आमच्या विंगमध्ये बावीस जणींनी हे करून पाहिलं. अर्ध्याहून जास्त जणी दहा सेकंदांच्या आत भिंतीला टेकल्या (त्यात मी). कारण आपण शहाणी माणसं तोलासाठी डोळ्यांवर फार विसंबून असतो. दोरावर चालणारे डोळे वापरतात, पण निराळ्या पद्धतीने. ते पायाकडे बघत नाहीत. दोराच्या शेवटी एका न हलणाऱ्या बिंदूवर नजर ठेवतात. बिंदू स्थिर, नजर स्थिर, डोकं स्थिर. मला वाटतं, डोक्यावरच्या त्या तीन लोट्यांचा हाच उपयोग असावा. बघणाऱ्याला वाटतं काम अवघड केलं, पण लोटे असताना डोकं हलवताच येत नाही, आणि न हललेलं डोकं कानातल्या त्या नळ्यांना बरं.

पायाचीही एक गंमत आहे. दोर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून निघून तळव्याखालून टाचेपर्यंत जातो. अनवाणीच. आणि शरीर वरून सरळ करण्याऐवजी बऱ्याचदा ती दोरच पायाने हलवून शरीराखाली आणते. कंबरेच्या खाली सगळं हलत असतं, वर सगळं शांत. झाडू उभा धरताना आपण झाडूचं वरचं टोक कुठे पकडतो? हात खालून सरकवतो. तेच हे.

खेळ संपल्यावर गर्दी पांगली. मी दहाची नोट दिली आणि तिथेच घुटमळले. दोर सोडायच्या आधी बापाने दगडाने खुंट पुन्हा एकदा ठोकून बघितला. मी विचारलं, "काका, आता तर खेळ संपला, मग खुंट कशाला बघताय?"

"संपल्यावर ढिला निघाला, तर सुरू असताना पण ढिलाच होता ना ताई," ते म्हणाले. "उद्या तिथं अजून खोल मारायचा."

हे वाक्य मी कोणत्याही टेक्स्टबुकात घालायला तयार आहे. त्या रात्री दोराचा फ्री बॉडी डायग्रॅम काढला. दोन कैच्यांमध्ये ५ मीटर दोर, मध्ये २५ किलोची मुलगी आणि दोर मध्ये १५ सेंटिमीटर खाली झुकलेला. दोरातला ताण येतो सुमारे २००० न्यूटन, म्हणजे २०० किलो वजन टांगल्याइतका, तिच्या वजनाच्या आठपट! दोर जितका घट्ट, जितका कमी झुकलेला, तितकी चाल सोपी, पण खुंटावरचा ओढा तितकाच जास्त. तो सगळा ओढा दोन खुंटांनी झेलायचा, तोही रोज नव्या गावातल्या नव्या मातीत. सिव्हिलवाले फाउंडेशन टाकायच्या आधी सॉइल टेस्ट करतात. काकांची सॉइल टेस्ट म्हणजे दगडाचा आवाज.

मोठमोठ्या नावांचंही असंच आहे. फ्रान्सचा ब्लाँडिन ३० जून १८५९ रोजी नायगाराच्या घळीवरून तीनशे मीटरहून लांब दोरावर चालत गेला. पुढे त्याच उन्हाळ्यात तो आपल्या मॅनेजरला पाठीवर घेऊनही गेला. (मॅनेजरचं कौतुक जास्त करावं, असं माझं मत आहे.) ७ ऑगस्ट १९७४ ला फिलिप पेटी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये, जमिनीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर, कोणाची परवानगी न घेता पाऊण तास तारेवर होता. आठ वेळा इकडून तिकडे. मी वर हिशेबात घेतलेली ८ मीटर आणि २५ किलोची काठी त्याच्याच काठीच्या मापाची. पण त्या पाऊण तासाच्या मागे काही वर्षांची तयारी होती आणि आदली सगळी रात्र तार ताणण्यात आणि ती आडवी हलू नये म्हणून बाजूच्या तारा बांधण्यात गेली होती.

वॉलेंडा घराण्याची गोष्ट याच्या उलट बाजूची. एकाच्या खांद्यावर दुसरा असे सात जण तारेवर मनोरा करून चालत. ३० जानेवारी १९६२ ला डेट्रॉइटमध्ये तो मनोरा कोसळला, दोघे गेले आणि एकाच्या कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. घराण्याचे प्रमुख कार्ल वॉलेंडा तेव्हा वाचले. २२ मार्च १९७८ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, पोर्टो रिकोत दोन उंच इमारतींमधल्या तारेवरून ते वाऱ्यात पडले आणि गेले. घरच्यांचं म्हणणं असं, की नुसत्या वाऱ्याने ते पडले नसते, तारेला बाजूने धरून ठेवणारे दोर नीट बांधलेले नव्हते. सत्तर वर्षांचं कौशल्य पायात, आणि घात झाला तो बांधणीत. काकांचा खुंट मला इथे आठवला.

झोक्यांच्या कसरतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ‘कसरतपटू’ म्हटलं की बहुतेकांना सर्कशीतला तो सीनच आठवतो. हवेत एका झोक्यावरून दुसऱ्यावर उडण्याचा खेळ पहिल्यांदा पॅरिसमध्ये ज्यूल लिओतार याने केला, तोही १८५९ मध्येच. त्याच्या वडिलांची व्यायामशाळा होती आणि सराव तो पोहण्याच्या तलावावर झोके टांगून करायचा. पडलो तर पाण्यात! त्याचं नाव आज त्याच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाला राहिलं आहे.

या खेळातली खरी मेख अशी, की झोका सुटल्या क्षणी सगळं ठरून गेलेलं असतं. हवेत असताना हातपाय कितीही मारले तरी शरीराचा गुरुत्वमध्य आपली पॅराबोला सोडत नाही. फिरकीही सुटतानाच घेतलेली, नंतर वाढवता येत नाही. फक्त गुडघे छातीशी घेतले की मोमेंट ऑफ इनर्शिया कमी होते आणि तीच फिरकी जलद होते, आणि शरीर उघडलं की मंद. तीन कोलांट्या मारून बरोबर वेळेला उघडायचं आणि समोर उलटा लटकलेला कॅचर हात पुढे करून असतो, त्याचं मनगट पकडायचं. मनगट, हात नव्हे. घामाने हात सुटतो. कॅचर आणि उडणारा दोघे शक्यतो अशा क्षणी भेटतात जेव्हा कॅचर आपल्या झोक्याच्या टोकाला पोचलेला असतो, म्हणजे क्षणभर थांबलेला. लवकर उघडलं तर हुकतं, उशीर झाला तर हुकतं. चार कोलांट्यांची उडी शोमध्ये पहिल्यांदा पकडली गेली ती १० जुलै १९८२ ला, अमेरिकेत टूसॉन इथे. मिगेल व्हाझकेझ उडणारा, त्याचा भाऊ हुआन पकडणारा. लिओतारपासून तिथपर्यंत १२३ वर्षं लागली.

आणि जाळीबद्दल गैरसमज नको. जाळी आहे म्हणजे लागत नाही असं नाही. १० मीटरवरून पडताना वेग सेकंदाला १४ मीटर होतो. जाळी तो दोन मीटरमध्ये थांबवते, म्हणजे शरीरावर वजनाच्या पाच-सहापट भार. पाय किंवा मान आधी आली तर तेवढाही पुरे. म्हणून झोक्यावर चढणाऱ्याला उडायच्या आधी पाठीवर पडायला शिकवतात. सगळ्या कसरतींत हे सारखंच आहे, पडणं हा पहिला धडा.

आपल्याकडे सर्कस आणली ती मराठी माणसानेच, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं. कुरुंदवाड संस्थानच्या पागेवरचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला. ते स्वतः घोड्यांचे जाणकार. पुढे सर्कस दक्षिणेत केरळातल्या तलश्शेरीला गेली, तिथे त्यांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकांशी पडली आणि त्यांनी कसरतपटू घडवण्याचं काम अंगावर घेतलं. तेव्हापासून ते गाव सर्कशीतल्या माणसांचं गाव झालं. घोडे सांगलीकडचे, उड्या तलश्शेरीच्या, असं म्हणायला हरकत नाही.

आता जरा अवघड भाग. ही पोरं इतक्या लहान वयात इतकी तयार कशी, याचं उत्तर काकांनीच दिलं. आधी दोर जमिनीवर टाकायचा आणि त्यावर चालवायचं. मग वीतभर वर. मग हात धरून. मग काठी. "चालायला लागली की लगेच सुरू," ते म्हणाले. "मोठं झाल्यावर भीती बसते, मग जमत नाही." यात तथ्य आहे. लहान वयात शरीर हलकं, सांधे सैल आणि पडल्यावर मारही कमी. रोज तीन-चार खेळ धरले तर या मुलीने आठव्या वर्षापर्यंत दोरावर जेवढ्या फेऱ्या घातल्या असतील, तेवढ्या वेळा आपण वर्कशॉपमध्ये फाइल घासलेली नाही. ‘रक्तातच असतं त्यांच्या’ असं आमच्यातल्याच एकाने तेव्हा म्हटलं. मला ते पटत नाही. रक्तात असतं तर बापाला दोर जमिनीवर टाकून सुरुवात करावी लागली नसती.

पण मग शाळा? मी त्या मुलीला विचारलं, कितवीत आहेस? ती हसली आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, "दोन वर्सं गेली ताई. मग आमी निघालो, तर नाव राहिलं तिथंच." मला पुढे काय बोलावं सुचेना. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदीची अधिसूचना काढायला केंद्र सरकारला सांगितलं. ते बरोबरच झालं. तंबूत आणून विकल्यासारखी ठेवलेली पोरं होती, त्यांचे हाल होत होते. पण रस्त्यावरच्या या खेळाला मालक नाही, बापच मालक. आणि कायदा त्यांच्याकडे बघतो तो भलत्याच दाराने. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं आणि खेळ करून दाखवणं हेही घातलेलं आहे. म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांशात तोल सावरणारी ती मुलगी कायद्याच्या भाषेत भिकारी. हाच कायदा दिल्लीत लागू होता, तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. त्या मंगळवारी आमच्यासमोर एक वॉचमन आला आणि "चला, उचला, भीक मागायची तर तिकडं जाऊन मागा," म्हणाला. मी लेक्चर बुडवलेलं असल्यामुळे गप्प बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा रस्ता नाही असं नाही. मल्लखांब घ्या. पेशवाईच्या शेवटच्या काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला रूप दिलं. तीही कसरतच आणि तिथेही मुलं लहानपणीच सुरू करतात. पण खाली मॅट असते, पुढे गुरुजी उभे असतात, आणि संध्याकाळी सात वाजता पोरं घरी जाऊन होमवर्क करतात. दादरच्या शिवाजी पार्कवर वर्षानुवर्षं मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तीच लवचीक कंबर, तीच पकड, तोच तोल. एकाला सर्टिफिकेट मिळतं, दुसरीला दहाची नोट. यात त्या मुलीच्या कसबाचा काही दोष आहे का, ते तुम्हीच सांगा. डोंबाऱ्यांच्या पोरांना मल्लखांबाच्या आखाड्यात आणलं तर पहिल्याच वर्षी ती आपल्या सगळ्यांना खिशात घालतील, याबद्दल मला शंका नाही. फक्त त्यासाठी कुटुंबाला एका गावात वर्षभर राहता आलं पाहिजे, आणि राहायचं तर खायचं काय, हा काकांचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्या वहीत नाही.

जाता जाता आमचा पराक्रम. एवढं गणित केल्यावर प्रॅक्टिकल हवंच, म्हणून आम्ही दोघींनी बाजारातून नायलॉनची दोरी आणली आणि लेडीज हॉस्टेलच्या मागच्या दोन गुलमोहरांना गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधली. मी पाय ठेवला आणि दोरी जमिनीला टेकली. नायलॉन ताणतं, हे मटेरियल सायन्समध्ये शिकवलेलं होतं, पण ते परीक्षेपुरतं. मग वर्कशॉपच्या दादांनी एक जुना टर्नबकल आणि स्टीलचा दोर दिला (बिनशर्त नाही, परत करायच्या अटीवर). खोडाला पोतं गुंडाळलं, खाली गाद्या टाकल्या. पहिल्या दिवशी माझी एकही पावलं झाली नाहीत. बाराव्या दिवशी, काठीसकट, चार. रूममेटची सहा, पण ती पायांकडे बघते आणि बघते म्हणूनच पडते, असं माझं म्हणणं आहे. तिचं म्हणणं वेगळं आहे.

मधल्या मंगळवारी ती मंडळी पुन्हा आली होती. मुलीला आम्ही मागे नेऊन आमचा दोर दाखवला. तिने त्याला पाय लावला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "ताई, ह्यो लई ढिला हाय." मग स्वतःच टर्नबकल दोन आटे फिरवायला लावला, काठी न घेता त्यावरून गेली, परत आली आणि आईने हाक मारली म्हणून उतरून पळाली. टर्नबकल तिने कधी पाहिलेला नव्हता.

दोर अजून बांधलेला आहे. परीक्षा सुरू होईपर्यंत ठेवायला रेक्टर मॅडमनी परवानगी दिली आहे. गादी आपापली आणायची.